दिवाळीच्या किल्ल्यावर एआर खेळ: पत्ते आणि ठोकळे कशाचे करावेत?

सुवेळा

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत दरवर्षी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी मुलं किल्ला बांधायला घेतात. विटांची खांडं, दगडगोटे, त्यावर भिजवलेली पोती आणि वर काळी माती. यंदा राजगड करायचा ठरलाय. मी वेबसाइट बांधण्याचं काम करते, म्हणून मुलांनी माझ्यामागे लकडा लावला की काकू, किल्ल्यावर फोन धरला की काहीतरी दिसलं पाहिजे. याला एआर म्हणतात, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर फोननं उभं केलेलं चित्र. ब्राउझरवर चालणारं एआर.जेएस हे सॉफ्टवेअर वापरून तेवढं जमवलं आहे. चौकोनी पत्ते किल्ल्यावर खोचायचे. फोन पत्त्यावर धरला की पद्मावती माचीवर भरलेला तलाव दिसतो, सुवेळा माचीवर नेढं (खडकातलं आरपार भोक) दिसतं, संजीवनी माचीवर दुहेरी तटबंदीच्या मधली वाट उघडते.

सॉफ्टवेअर चालतं. माझं घोडं अडलंय ते पत्त्यांवर.

पहिल्या खेपेला साध्या कागदावर छापले, पुठ्ठ्यावर डकवले आणि काळ्या चौकटीच्या कडेकडेनं नीट कापले. टेबलावर झकास चालले. मातीत खोचले तर एकही ओळखेना. पाऊण तास मी कोडमध्ये चूक शोधत होते. शेवटी माझ्या मुलीनं एक पत्ता मातीतून उपटून आपल्या वहीच्या पांढऱ्या पानावर ठेवला आणि तलाव लगेच दिसला. काळ्या मातीवर काळी चौकट, कॅमेऱ्याला कडच सापडत नव्हती!

दुसऱ्या खेपेला भोवती पांढरी पट्टी सोडली आणि पावसापाण्याची भीती म्हणून लॅमिनेशन करून आणलं. आता पार्किंगमधल्या ट्यूबलाइटचा पट्टा पत्त्यावर चमकतो आणि त्या कोनात सगळं गायब होतं. वर दोन दिवसांत पत्ते पापडासारखे वाकले.

शिवाय लहान मुलांना हातात धरायला काही ठोकळे करायचे आहेत: मावळा, घोडा, धान्याचं पोतं. मुलं ४ ते ११ वयाची आहेत. लाकूड, माती, फोम, सनबोर्ड (फोमसारखा हलका प्लास्टिकचा बोर्ड), काय घ्यावं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी हातचं न राखता सांगा.

गोंदपुठ्ठा

सुवेळाताई, माझा छापखाना आहे, एआरमधलं फार कळत नाही. पण शैक्षणिक खेळ करणारे एक-दोन जण माझ्याकडून असे पत्ते छापून नेतात, त्यांच्याबरोबर बसून शिकलेलं सांगतो.

चमक हा पहिला शत्रू. बाजारात लॅमिनेशन म्हटलं की सवयीनं चकचकीतच करून देतात, कारण गिऱ्हाइकाला चकचकीत म्हणजे भारी वाटतं. तुम्ही तोंडानं 'मॅट', म्हणजे बिनचमकीचं, असं सांगा, आणि दोन्ही बाजूंनी करायला सांगा. तुमचे पत्ते वाकले ते यामुळेच. एका बाजूला प्लास्टिक आणि दुसरी बाजू उघडी असली की उघडा कागद दमट हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, लॅमिनेशनची बाजू तशीच राहते. मग पत्ता वळणारच. पत्ता वळला की कॅमेऱ्याच्या हिशेबात चौकोन चौकोन राहत नाही आणि वरचं चित्र थरथरतं.

काळ्या रंगाचंही तसंच. लेझर प्रिंटचा काळा जवळून तिरका धरून पाहा, टोनरला मेणासारखी झाक असते. मॅट कागदावरचा इंकजेटचा काळा जास्त मऊ दिसतो, पण थेंब पडला की पसरतो. म्हणून माझा सल्ला: ३०० जीएसएमचं जाड कार्ड, लेझर प्रिंट, वरून मॅट लॅमिनेशन, मग पाठीमागे कप्पा बोर्ड, म्हणजे जाड कडक पुठ्ठा. मॅटमुळे टोनरची झाकही मरते. स्पॉट यूव्ही (ठरावीक जागी चमक देणारा थर), सोनेरी फॉइल, चमकी यांतलं काहीही नको, कितीही सुंदर दिसलं तरी.

पांढरी पट्टी तर हवीच. जुन्या एआरटूलकिट या सॉफ्टवेअरच्या पद्धतीचे मार्कर, म्हणजे कॅमेऱ्यानं ओळखायचे काळ्या चौकटीचे पत्ते, असतील तर काळी चौकट बाजूच्या एक चतुर्थांश जाड असते. म्हणजे ८ सेंमीच्या चौकोनात २ सेंमी काळं आणि मधलं चित्र ४ सेंमीचं. बाहेर निदान १ सेंमी पांढरं सोडा. पोरांच्या हातांनी कड मळणार, मातीनं लाल-काळी होणार, म्हणून मी तर दीड म्हणेन.

रानमोगरा

गोंदपुठ्ठादादांशी सहमत. मी बंगळुरूला याच क्षेत्रात काम करते. त्यांनी कागदाची बाजू सांगितली, मी कॅमेऱ्याची सांगते.

कॅमेरा पत्ता ओळखताना बहुतेक वेळा रंग बघतच नाही. चित्र आधी करड्या छटांमध्ये उतरवलं जातं आणि मग कोपरे, टोकं, गडद-फिकट सीमा शोधल्या जातात. म्हणजे गेरूच्या लालवर पानाचा हिरवा आपल्याला ठसठशीत दिसतो, पण दोन्हींचा उजेड सारखा असेल तर कॅमेऱ्याला तो एकच करडा डाग आहे. म्हणून छापायच्या आधी पत्त्याचा फोटो काढा आणि फोनमध्येच ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. त्यात जे पुसट झालं ते कॅमेऱ्यासाठी नाहीच.

दुसरं, बोटं. मुलं पत्ता कुठे धरतात हे एकदा निरखा. मोठी माणसं कडेला चिमटीत धरतात, पाच वर्षांचं मूल अंगठा सरळ पत्त्याच्या मधोमध रोवतं. चौकटीच्या मार्करमध्ये चारही कोपरे दिसावे लागतात. एका कोपऱ्यावर बोट आलं की खेळ संपला, आणि मुलाला कळतच नाही आपलं काय चुकलं. यावर दोन उपाय आहेत. पत्त्याला खाली तीन बोटं मावतील एवढी मोकळी शेपटी ठेवायची आणि तिच्यावर हाताचं चित्र काढायचं, म्हणजे मूल आपोआप तिथे धरतं. किंवा चौकटीचा मार्कर सोडून पूर्ण चित्रच ओळखणारी पद्धत घ्यायची. तिच्यात चित्राचा थोडा भाग झाकला तरी चालतं, कारण खुणा सगळीकडे विखुरलेल्या असतात.

चित्र घेणार असाल तर ते गजबजलेलं आणि असमान हवं. मोठा गोल सूर्य, धुक्यासारख्या छटा, एकच नक्षी पुन्हापुन्हा, हे सगळं वाईट. गूगलच्या एआरकोर या एआर सॉफ्टवेअरमध्ये चित्राला १०० पैकी गुण देणारं साधन आहे, ७५ च्या वर गुण असलेलं चित्र घ्यावं असं ते सांगतात. छापलेलं चित्र निदान १५ सेंमी बाय १५ सेंमी असावं, सपाट असावं आणि पहिल्यांदा ओळखताना कॅमेऱ्याच्या चौकटीचा साधारण पाव भाग त्यानं व्यापावा, असंही आहे. तुम्ही ब्राउझरवर करताय, त्यामुळे आकडे तंतोतंत लागू नाहीत, पण अंदाज येतो. किल्ल्यावर १५ सेंमीचा पत्ता खोचला तर तो पत्ताच बुरुजाएवढा दिसेल! म्हणून किल्ल्यावर चौकटीचे लहान मार्कर आणि हातात धरायला मोठी चित्रं, असं वाटून घ्या.

दिंडीदरवाजा

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. किल्ला म्हणजे मातीत कोपरापर्यंत हात घालायचे दिवस. अळीव पेरायचे, सकाळी उठून कोंब आले का बघायचे. तिथेही फोन आला तर मुलं किल्ल्याकडे बघायचीच नाहीत, स्क्रीनकडे बघतील. मला हे मनापासून खटकतं.

सुवेळा

दिंडीदरवाजा, राग कसला, हीच काळजी मलाही आहे. म्हणून एक ठरवलंय की किल्ला मुलांनी पूर्ण बांधून झाल्याशिवाय फोन बाहेर काढायचा नाही. आणि पत्ते कुठे खोचायचे ते मुलांनी ठरवायचं. पद्मावती तलाव कुठे असेल, पाणी कुठे साठेल, हे मातीवर बोट फिरवून आधी भांडून घ्यायचं. पत्ता चुकीच्या माचीवर खोचला तर तलाव तिथेच दिसेल, मग पुन्हा उपटायचा.

रानमोगरा, शेपटीची कल्पना आजच करून बघते.

आंबोलीचा पाऊस

मी सावंतवाडीचा. इथली गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, मला लहानपणापासून माहीत, त्यामुळे असा विषय निघाला की पहिला विचार मनात येतो की तेच पत्ते वापरून एआर करावं. मी दोन वर्षांपूर्वी खटपट केली होती. जे झालं ते सांगतो, कारण त्यातून वस्तू निवडण्याबद्दल बरंच कळतं.

दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२. पत्ता गोल. वर लाखेची झिलई. आता कॅमेऱ्याच्या नजरेनं बघा. गोल पत्त्याला कोपरा नाही, म्हणजे वरची बाजू कुठली ते कडेवरून समजत नाही. लाखेच्या झिलईवर खिडकी चमकते. आणि बारांपैकी दहा पत्त्यांवर एकच चिन्ह मांडून ठेवलेलं असतं, मत्स्याचे मासे किंवा परशुरामाचे परशू, एक ते दहा. माणसाला मोजता येतं. चित्र ओळखणारं सॉफ्टवेअर सात मासे आणि आठ मासे यांत घोळ घालतं, कारण प्रत्येक मासा सारखाच आहे.

पण राजा आणि प्रधान यांचे पत्ते मात्र चालले! त्यांच्यावर आकृती आहे, घोडा आहे, छत्र आहे, डावी-उजवी बाजू वेगळी आहे. म्हणून मी अवतारागणिक दोनच पत्ते घेतले, एकूण २०. मूळ पत्त्यांना हात लावला नाही. त्यांची चित्रं मॅट कागदावर छापून घेतली आणि इथल्याच सुतारानं केलेल्या चौकोनी लाकडी चकत्यांवर चिकटवली. गोल चित्र, चौकोनी चकती, कोपऱ्यांमध्ये चार वेगवेगळ्या वेली. त्या वेलींमुळे दिशा कळायला लागली.

झिलई दिलेलं मूळ पान हातात घेतल्यावर जो थंड, गुळगुळीत स्पर्श होतो तो छापील कागदाला नाही, याचं वाईट वाटतं. तुम्ही लाकडाचे ठोकळे करणार असाल तर एक करा: कॅमेऱ्यानं बघायची बाजू तेवढी मॅट ठेवा, हाताला लागणाऱ्या बाजूंना छान पॉलिश करा. एकाच वस्तूला दोन्ही देता येतं.

खडूफळा

मी ३१ वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. तंत्रज्ञानाचं तुम्ही बघा, मी हातांचं सांगते.

सहा वर्षांच्या मुलाला एका हातात मोठा फोन आणि दुसऱ्या हातात ठोकळा धरायला लावू नका. फोन धरणारा हात हलतो, बोट कॅमेऱ्यावर येतं, आणि काही वेळानं हात दुखतो पण मूल सांगत नाही, नुसतं खेळणं सोडून देतं. फोनला स्टँड हवा. आमच्या वर्गात आम्ही जाड पुठ्ठ्याचा त्रिकोणी घोडा करायचो, खाली वाळूची पिशवी. ऑस्मो नावाचा जो खेळ आहे त्यात टॅब स्टँडवर उभा असतो आणि कॅमेऱ्यासमोर लहान आरसा बसवून त्याची नजर खाली टेबलाकडे वळवलेली असते. त्यामुळे मुलाचे दोन्ही हात मोकळे. तेवढं तुम्हाला करायची गरज नाही, पण हात मोकळे हवेत हे धरून चाला.

आणि घरात खेळायचं असेल तर चकचकीत फरशीवर मांडू नका. माझ्या नातीच्या एका एआर खेळात घोडा जमिनीवर उभा करायचा असतो, तर पांढऱ्या फरशीवर तो जागचा सरकायचा, कधी हवेत तरंगायचा. फरशीत छताचं प्रतिबिंब दिसतं आणि फोन हलवला की प्रतिबिंबही हलतं, त्यामुळे कॅमेऱ्याला जमीन कुठे आहे ते समजत नाही. मी माझी जुनी गोधडी अंथरली. तुकड्यांची, टाक्यांची, दहा रंगांची. घोडा असा उभा राहिला की हलला नाही!

रानमोगरा

खडूफळाताई, गोधडी हे अगदी नेमकं उदाहरण आहे. सपाट जागा शोधणाऱ्या एआरला पोत, म्हणजे पृष्ठभागावरच्या बारीक खुणा, लागतो. फक्त सुरकुत्या काढून ताणून अंथरायची.

सुवेळा, तुमच्या किल्ल्याची माती आणि पोतीही पोत म्हणून उत्तम आहेत. पण मातीच ओळखायला लावायचा मोह टाळा. आज मातीचा पृष्ठभाग साठवून ठेवला आणि दोन-तीन दिवसांत अळीव उगवले की सगळं रूप बदलतं. पत्ते बदलत नाहीत, म्हणून पत्तेच बरे.

एक विचारतो (नवीन सदस्य)

ठोकळे पत्त्यावर नीट बसावेत म्हणून तळाला बारीक लोहचुंबक लावले तर? आणि आत छोटा दिवा असला तर संध्याकाळीही दिसेल.

चिमणचारा

कृपा करून दोन्ही करू नका. मी लहान मुलांच्या विभागात परिचारिका आहे आणि हे कळकळीनं लिहितेय.

छोटे, ताकदवान लोहचुंबक एकापेक्षा जास्त गिळले गेले तर पोटात आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांमधून ते एकमेकांना ओढून घेतात. मधली आतड्याची भिंत दाबली जाते आणि तिला भोक पडतं. सुरुवातीला नुसतं पोट दुखतंय, उलटी होतेय असं वाटतं. बटणासारखा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजतं. ४ वर्षांच्या मुलाच्या हातात जाणाऱ्या वस्तूत या दोन गोष्टी नकोतच. फेविकॉलनं चिकटवलेलं झाकण म्हणजे सुरक्षित झाकण नव्हे. ठोकळा पत्त्यावर बसवायचा असेल तर खाच करा किंवा वेल्क्रो लावा. एआरची हीच तर सोय आहे की उजेड, आवाज, हालचाल फोनमध्ये असते आणि हातातली वस्तू साधी, बिनबॅटरीची ठेवता येते.

आकाराचं माप सांगते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती धोक्याची धरतात. तुमची मुलं मोठी आहेत, पण किल्ल्याभोवती धाकटी भावंडंही रांगत असणार. कुठलाच ठोकळा ५ सेंमीपेक्षा लहान करू नका. घोड्याची शेपटी, मावळ्याची तलवार असे तुटून पडणारे भाग वेगळे चिकटवू नका, कोरून किंवा रंगवून दाखवा.

आणि रंग! घरात माळ्यावर पडलेल्या जुन्या ऑइल पेंटच्या डब्यातला रंग वापरू नका. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय आहे सांगता येत नाही, आणि मुलं ठोकळे तोंडात घालतात.

गोंदपुठ्ठा

चिमणचाराताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. एक भर: हे ठोकळे उद्या कोणी विकायचं म्हणालं तर गोष्ट वेगळी होते. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आयएस ९८७३ या मानकाच्या भागांमध्ये धारदार कडा, पेट घेणं, रंगातून विषारी धातू सुटणं अशा चाचण्या येतात. सोसायटीतल्या मुलांसाठी हातानं केलेल्या चार ठोकळ्यांना परवाना लागत नाही, पण त्या चाचण्या कशाकशाच्या आहेत ही यादी वाचून ठोकळे केले तर मन शांत राहतं.

सुवेळा

मंडळी, आठवडाभर सगळं करून बघितलं. सविस्तर लिहिते.

पत्ते: मॅट लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी, दीड सेंमी पांढरी पट्टी. पाठीला आधी कप्पा बोर्ड लावला, तो ओल्या मातीत खालून फुगला. मग ३ मिलिमीटरचा सनबोर्ड लावला. पाणी पीत नाही, हलका आहे, वाकत नाही. कापलेली कड मात्र बोचते, म्हणून चारही कोपरे गोल केले आणि कडेला कापडी टेप लावली. कोपरे पत्त्याचे गोल, काळ्या चौकटीचे नाहीत, हे महत्त्वाचं!

खोचताना आणखी एक कळलं. पत्ता मातीवर आडवा ठेवला तर उभ्या मुलाला तो फार तिरका दिसतो आणि कॅमेऱ्यालाही. आता मागे बांबूची कामटी लावलीय आणि पत्ते मुलांच्या छातीकडे तोंड करून कललेले आहेत. कामटी लांब ठेवल्यामुळे अळीव वाढले तरी पत्ता झाकला जात नाही. पाणी शिंपडल्यावर मात्र थेंब चमकतात, म्हणून पाणी घातलं की पत्ते पुसायचं काम एका मुलीनं स्वतःहून अंगावर घेतलंय. तिच्या खिशात त्यासाठी वेगळा रुमाल आहे.

संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात काहीच चालत नाही. ज्योत हलते, सावल्या हलतात. लुकलुकणाऱ्या माळा तर फारच वाईट. आम्ही एका बाजूला उंचावर पांढरा दिवा स्थिर लावला आणि त्याच्यासमोर बटर पेपर ताणून बसवला, उजेड मऊ पडतो. तरीही खेळ मुख्यतः चार ते सहा याच वेळात ठेवलाय. पणत्या लागल्या की फोन आत. दिंडीदरवाजा, तुमचं म्हणणं इथे आपोआप पाळलं गेलं.

ठोकळ्यांचं लाकूडच ठरलं. मी तीन प्रकार मुलांसमोर ठेवले होते, न सांगता. फोमचा हलका होता, पण मातीत उभा राहीना आणि दुसऱ्या दिवशी त्याला दातांचे व्रण दिसले. भाजलेल्या मातीचा सगळ्यात देखणा, पण हातातून सुटून पहिल्याच तासात त्याचा कान उडाला आणि तुटलेली कड धारदार होती. लाकडाचा ठोकळा, साधारण ७ सेंमीचा, मुलांनी उचलला, वजन केलं, एकमेकांवर आपटून आवाज ऐकला. त्याच्यावर कॅमेऱ्यासाठीचं चित्र फक्त माथ्यावर आहे. आंबोलीचा पाऊस, तुमच्या सांगण्याप्रमाणे माथा मॅट आणि बाजू घासून घासून गुळगुळीत केल्या.

घोड्याचा ठोकळा मात्र अजून चुकतो. त्याचं चित्र आणि धान्याच्या पोत्याचं चित्र यांत कॅमेरा गोंधळतो. ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलं तर दोन्ही मधोमध एक करडा ढीग दिसतात.

रानमोगरा

घोड्याला खोगीर द्या, आणि खोगिरावर टोकदार, असमान नक्षी. आणि त्याची मान चौकटीच्या मध्यात न आणता एका कोपऱ्याकडे न्या. पोत्याला उलट एका बाजूला सुतळीची गाठ आणि शेजारी सांडलेले चार दाणे. दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट करून इथे टाका, छापायच्या आधी बघून सांगते.

सुवेळा

आज रात्री काढते. दाणे मुलीकडूनच काढून घेते, ती म्हणतेय नाचणी नको, बारीक दिसेल, मक्याचे काढू.

आंबोलीचा पाऊस

मका चांगला. कडा ठळक काढायला सांगा. आणि बाजूंच्या पॉलिशला आणखी काही लावू नका, खोबरेल तेलाचा हात फिरवला तरी पुरे, फक्त माथ्यावर तेल उतरू देऊ नका.

सुवेळा

दादा, माथ्यावर टेप लावूनच तेल लावेन. रविवारी सकाळी दहाला सुवेळा माचीचं नेढं पाडायचंय. मुलांना ते चमच्यानं कोरायचंय, आणि माती फार ओली असली तर ढासळेल असं त्यांचं म्हणणं आहे, म्हणून शनिवारपासून त्या बाजूला पाणी घालायचं बंद केलंय.